भरीत चालेल

"नाना, खरं सांगा. गोळी गिळता की थुंकता?"

डॉक्टर तेंडोलकरांनी हा प्रश्न विचारला तेव्हा माझे सासरे खुर्चीतच सहा इंच वाढले. वासुदेव भिरूड, वय अडुसष्ट, यावल तालुक्यातल्या एका गावचे निवृत्त मुख्याध्यापक. 'गृहपाठ केला की वही हरवली?' हा प्रश्न त्यांनी दुसऱ्यांना विचारत नोकरी काढली होती. तो फिरून आपल्याच अंगावर येईल याची त्यांना कल्पना नव्हती.

"डॉक्टर, आजपर्यंत मी फक्त एकदाच थुंकलो. ह्या जवाईबापूंच्या आईंनी केलेलं दह्यातलं भरीत खाल्लं तवा."

"अहो!" सासूबाई म्हणाल्या.

"खोटं काय त्यात? साक्षीदार बसेल आहे इथं."

साक्षीदार म्हणजे मी. मी मूळचा वाईचा, जळगावच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. माझ्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि दह्यातल्या भरिताला साडेदहा. व्याही पहिल्यांदा वाईला आले तेव्हा माझ्या आईनं त्यांना खास म्हणून दही, साखर आणि हिंगाची फोडणी घातलेलं भरीत वाढलं. नानांनी एक घास घेतला, मोरीकडे गेले आणि परत येऊन म्हणाले, "कोशिंबीर छान आहे. भरीत कधी येणार?" तेव्हापासून हा किस्सा प्रत्येक बारशाला, साखरपुड्याला आणि दोनदा तेराव्याला सांगून झाला होता. दरवेळी त्यात साखर थोडी वाढत असे.

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर सरकवला. एक पॉइंट तीन.

"चौथा आठवडा, नाना. हा आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा. खाली गेला म्हणजे रक्त लवकर गोठतंय. मी तीनदा डोस वाढवला, आकडा ढिम्म हलत नाही."

प्रकरण सुरू झालं होतं श्रावणात. जिना चढताना नानांना धाप लागायला लागली. तपासल्यावर कळलं की हृदयाचा वरचा कप्पा नीट आवळायचं सोडून नुसता थरथरतोय. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं आणि साचलेलं गोठतं. घशातून नळी घालून केलेल्या सोनोग्राफीत दिसलं की तिथल्या एका खोबणीत गाठ आधीच तयार आहे. शेंगदाण्याएवढी. डॉक्टर म्हणाले होते, गोळ्यांनी ही गाठ विरघळू दे, मग विजेचा एक हलका झटका देऊन ठोके जागेवर आणू. पण गाठ विरघळण्याआधी तो झटका देता येत नाही. ती सुटली तर थेट डोक्यात जाते.

डोक्यात गेल्यावर काय होतं हे नानांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांचे थोरले भाऊ आप्पा त्यांच्याच घरात, त्यांच्याच ओसरीवर बसलेले असत. सहा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. मागे एकच शब्द राहिला. 'चला.' भूक लागली की 'चला', झोप आली की 'चला', कुणी वारल्याची बातमी आली तरी 'चला'.

"पथ्य?" डॉक्टर सासूबाईंकडे वळले. "पालेभाजी? पाल्यानं गोळीचा जोर मोडतो."

"घराची पायरी चढत नाही," सासूबाई म्हणाल्या. "मेथी, पालक, शेपू, सगळं बंद. भाजीवाली आली तर मी तिला पुढच्या दारी पाठवते."

"कोबी?"

"कोबी म्हशीले घालतात," नाना म्हणाले.

"मग खाता काय?"

"भरीत."

"भरीत चालेल. वांग्यात काही नसतं."

"वांग्यात काही नसतं?" नाना हळहळले. "डॉक्टर, तुमचं गाव कोन्तं?"

"सावंतवाडी."

"तरीच."

डॉक्टर हसले, पण थोडेच. त्यांनी पुढची तारीख लिहिली. "पुढच्या सोमवारीही आकडा खालीच असला तर दाखल व्हायचं. पोटात इंजेक्शनं, सकाळ-संध्याकाळ. आणि गोळी कुणीतरी समोर उभं राहून द्या."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खानदेशात जावयाला मान फार. त्याला कुणी काम सांगत नाही, फक्त त्याच्याकडे पाहतात. मी आठ दिवसांची रजा टाकली. बायकोला, उज्ज्वलाला, मुलांच्या परीक्षा होत्या. ती म्हणाली, "बाबांना रागवू नकोस." रागवण्यासाठी मधे बोलायला मिळावं लागतं, हे तिला माहीत होतं.

गाडीत मात्र नाना गप्प होते. जळगाव सुटलं, भुसावळ आलं, भुसावळ गेलं, तरी गप्प. मी आरशात दोनदा पाहिलं. केळीच्या बागा सुरू झाल्यावर ते म्हणाले, "जवाईबापू, माले मरायचं भेव नाही."

"असं काय बोलता?"

"ऐका तर खरं. मरायचं भेव नाही. पण आप्पाले 'चला' उरलं. माले काय उरीन?"

मी गियर बदलला. गरज नव्हती.

"एखादा फालतू शब्द उरला म्हंजे? 'अन्' उरला तर? जनमभर अन् अन् करत बसू? छत्तीस वर्षं मराठी शिकवली भो मी."

मागच्या सीटवर सासूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. केळीच्या बागेत पाहण्यासारखं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माझी ड्यूटी सुरू झाली. संध्याकाळी सहाला मी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहत असे.

"आ करा."

"केला."

"जीभ वर."

"घ्या. अजून काय दाखवू? सातबारा?"

"उजवीकडे फिरवा."

"जवाईबापू, लग्नात मी तुमचे पाय धुतले होते. आठवतं का?"

ओसरीवरून आप्पा म्हणायचे, "चला."

नानांनी गोळी एकदाही थुंकली नाही. याची मी जातीनं खात्री केली, कपाटामागे आणि तुळशीवृंदावनातही पाहिलं. तर्कशास्त्रात याला पर्याय वगळत जाणं म्हणतात. गोळी वगळली, पालेभाजी वगळली, चहा बदलला, काढे बंद केले. शेवटी डब्यातली गोळी खरी आहे की नाही म्हणून दुकानदाराशी भांडून आलो. आणि दोन्ही वेळा सासूबाईंच्या हातचं भरीत भाकरीशी खाऊन, या गूढावर विचार करत पडून राहिलो.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर एक दिनदर्शिका होती. सासूबाई त्यात दुधाच्या रतीबाशेजारी नानांचे आकडे लिहीत. 'कोजागरी, २.४.' 'वसुबारस, २.६.' 'कार्तिकी एकादशी, २.५.' मग मार्गशीर्षात घसरगुंडी. मी त्या पानांसमोर उभा राहून काहीतरी अर्थ लावत असे. सासूबाई माझ्या हातात चहा देऊन म्हणत, "दृष्ट लागली असंल." तेव्हा माझ्याकडे याहून बरा सिद्धान्त नव्हता.

रविवारी शेतात भरीत पार्टी होती. डिसेंबरात खानदेशात रविवारी शेतात भरीत पार्टी नसली तर लोक विचारतात, घरात सगळे बरे आहेत ना? सासूबाई नको म्हणत होत्या. नाना म्हणाले, "सोमवारी दवाखान्यात जायचंच आहे. रविवारी तरी माणसात बसू द्या."

चाळीसेक माणसं जमली. कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून त्यात बामणोदची वांगी टाकली होती, हिरवट पांढरी, एकेक अर्ध्या किलोचं. आप्पांनाही गाडीतून आणून निंबाच्या सावलीत खाटेवर बसवलं होतं. नाना खुर्चीवर बसून सूत्रं हलवत होते. उठायची बंदी होती, बोलायची नव्हती.

"साल काढा नीट! काळं राहू देऊ नका! मिरची-लसूण संगतीच ठेचा. जवाईबापूंना काय काम दिलं?"

"त्यांना कशाला काम?" कुणीतरी म्हणालं.

"द्या द्या. वाईचं माणूस आहे, शिकू द्या. पात चिरायला द्या."

माझ्यापुढे पोतं अंथरलं गेलं आणि त्यावर कांद्याच्या पातीचे भारे येऊन पडले. एक, दोन, पाच. मी विळीवर बसलो. अर्धा तास चिरूनही ढीग तेवढाच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, "सासऱ्याच्या काळजीनं रडू राह्यले."

"नाना, एवढी पात कशाला?"

"एवढी? ऐका, लिहून घ्या. वांगं एक किलो, तर पात पाऊण किलो. वरून कोथिंबीर ढीगभर. अन् ताटात कच्ची पात वेगळी, तोंडी लावायले. तुमच्याकडे काय घालतात? दही!" चाळीस माणसं हसली. "पात नसली तर त्याले भरीत म्हनत नाही. ती वांग्याची मयत."

मी कपाळावरचा घाम पुसला आणि हाताकडे पाहिलं. दोन्ही हात मनगटापर्यंत हिरवे झाले होते. शर्टाच्या बाह्या हिरव्या, विळी हिरवी, पोतं हिरवं. खिशात डॉक्टरांनी दिलेला पथ्याचा कागद होता. तो काढला. त्यावरही हिरवा अंगठा उमटला, नेमका पहिल्या ओळीवर. 'सर्व प्रकारचा हिरवा पाला टाळावा.'

तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला मी मुलांना शिकवतो. सर्व माणसं मर्त्य आहेत. सॉक्रेटिस माणूस आहे. म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे. वीस वर्षं शिकवतोय. सर्व हिरवा पाला वर्ज्य, पात हिरवा पाला, एवढं कळायला मला सहा दिवस आणि पाच भारे लागले.

मी बांधावर जाऊन डॉक्टरांना फोन लावला. तिथेच काय ती रेंज होती.

"डॉक्टर, तुम्ही म्हणालात भरीत चालेल."

"हो, वांग्यात काही नसतं."

"तुमच्याकडे भरितात काय घालतात?"

"दही. आई ओलं खोबरंही घालते. का?"

"आमच्याकडे पात घालतात. कांद्याची." आपण 'आमच्याकडे' म्हणालो हे माझ्या नंतर लक्षात आलं. "किलोला पाऊण किलो. शिवाय कच्ची वेगळी."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"रोज?"

"दोन्ही वेळा."

"कधीपासून?"

आणि मला भिंतीवरची पानं दिसली. कोजागरी, वसुबारस, कार्तिकी. माझ्या सासूबाईंचा चातुर्मास कडक. आषाढी एकादशीपासून त्या घरात कांदा येत नाही, वांगं येत नाही. ते सुटतं चंपाषष्ठीला, खंडोबाला भरिताचा नैवेद्य दाखवून.

"चंपाषष्ठीपासून," मी म्हणालो.

"ही काय तारीख आहे?"

"तुमचा आकडा पडला ती."

डॉक्टर आठवडे मोजत पुटपुटले. मग म्हणाले, "चार महिने मी समजत होतो की माझी गोळी काम करतेय. तुमच्या सासूबाईंचा उपास काम करत होता." आणि लगेच आवाज बदलून, "आज पात नको. पण मनानं कायमची बंदही करू नका. मी डोस बराच वाढवलाय. एकदम बंद केलीत तर उलट रक्तस्राव व्हायचा. उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा."

मी परत आलो तेव्हा पंगत बसली होती. नानांच्या पत्रावळीवर भरिताचा डोंगर, शेजारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि पातीची जुडी. नाना पहिला घास मोडत होते.

"नाना, थांबा."

सगळं सांगितलं. चाळीस हात घासासकट थांबले.

"पात?" नाना म्हणाले. "पात ही पालेभाजी नव्हे."

"मग काय आहे?"

"पात आहे."

हा मुद्दा पंगतीला पटला. एक म्हातारे म्हणाले, पात कांद्यात मोडते. दुसरे म्हणाले, मसाल्यात. पालेभाजीच्या बाजूनं मी एकटा होतो, आणि माझ्याविरुद्ध दह्याचा पूर्वेतिहास होता.

"जवाईबापू, हा तुमचा साडेदहा वर्षांचा सूड आहे," नाना म्हणाले, आणि हसत घास उचलला.

सासूबाई वाढता वाढता मधेच थांबल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. "कोजागरीला दोन चार," त्या पुटपुटल्या. "कार्तिकीला दोन पाच." मग पळी पातेल्यात टाकून म्हणाल्या, "अहो, नैवेद्यानंतरच पडला की हो आकडा."

नानांचा घास तोंडापाशी थांबला. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग माझ्या हिरव्या हातांकडे. खाणंही नाही आणि ठेवणंही नाही, असा तो घास तसाच अधांतरी.

तेवढ्यात शेजारून एक डावा हात आला. खाटेवरून उतरवून आप्पांना नानांच्या शेजारीच पंगतीला बसवलं होतं. त्या हातानं आधी नानांच्या बोटांतला घास काढून घेतला. मग पत्रावळ धरली आणि हळूहळू, भरीत सांडू न देता, स्वतःपुढे ओढली.

"चला," आप्पा म्हणाले, आणि जेवायला लागले.

तो त्याग होता की भूक, हे आजतागायत ठरलेलं नाही. नाना भावाच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात झटकला आणि म्हणाले, "माले पुरी अन् वरण वाढा. अन् ह्याले पाणी द्या, ठसका लागंल."

सोमवारी डॉक्टरांनी दाखल करणं पुढे ढकलून निवाडा दिला. पात पूर्ण बंद करण्यापेक्षा रोज ठरलेली, तेवढीच खायची, ना कमी ना जास्त. मग गोळी त्या हिशेबानं बसवता येईल.

"किती?" सासूबाईंनी विचारलं.

"साधारण पन्नास-साठ ग्रॅम."

सासूबाई जळगावात सराफाच्या घरी वाढलेल्या. ग्रॅम ही गोष्ट त्यांना परकी. त्यांनी मनाशी भागाकार केला. "म्हणजे पाच तोळे."

त्यांनी भावाच्या पेढीतून जुना काटा आणला. रोज सकाळी देवपूजा झाली की त्या डोळ्यांवर चष्मा चढवून पात मोजत. पाच तोळे. एक पातं जास्त झालं तर कात्रीनं कापून काढत.

"लगनात हिच्या अंगावर जेवढं घालता आलं नाही," नाना येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "तेवढं ही रोज माझ्या पोटात घालते."

पहिल्या आठवड्यात आकडा एक सात. दुसऱ्या आठवड्यात दोन एक. मग तो तिथेच राहिला, शाळेतल्या शहाण्या पोरासारखा. पुढच्या आषाढीला चातुर्मास पुन्हा लागणार होता. कांदा बंद होणार म्हणजे आकडा हलणार. सासूबाईंनी देवाशी काय बोलणं केलं ठाऊक नाही, पण नानांची पाच तोळे पात त्यांनी औषधात जमा करून टाकली. देवाला औषध चालतं.

होळीनंतरच्या सोनोग्राफीत खोबण रिकामी होती. डॉक्टरांनी पडद्यावर तीनदा दाखवली. मला तिन्ही वेळा काहीच दिसलं नाही, आणि तेच पाहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी झटका द्यायचा ठरला. पाच मिनिटांचं काम, थोडी गुंगी. सासूबाई, उज्ज्वला आणि मी बाहेर बाकावर. डॉक्टर बाहेर आले आणि अंगठा वर केला. ठोके पहिल्याच खेपेला जागेवर आले होते. आत या म्हणाले, जागे होतायत.

नानांनी डोळे उघडले. छताकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, उज्ज्वलाकडे पाहिलं. ओठ हलले. शब्द आला नाही.

"नाना," डॉक्टर वाकून म्हणाले, "बरं वाटतंय ना? बोला काहीतरी."

नाना बोलले नाहीत. नानांच्या तोंडून एवढा वेळ काही न येणं मी अकरा वर्षांत एकदाच अनुभवलं होतं, भुसावळच्या रस्त्यावर. उज्ज्वलानं माझा दंड धरला. सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"हे कोण, ओळखता का?" डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं.

नानांची नजर माझ्यावर आली. बराच वेळ थांबली. मग ते अगदी स्पष्ट म्हणाले,

"दही."

यंत्राची टिकटिक तेवढी चालू होती, एका अंतरानं, एकसारखी.

"दही?" डॉक्टरांचा आवाज जरा चिरकला.

"दही," नाना पुन्हा म्हणाले. सासूबाईंच्या तोंडून एक हुंदका फुटला. तेव्हा नानांनी त्यांच्याकडे मान वळवली आणि नाराजीनं म्हणाले, "रडू काय राह्यली? ऐकून तर घे. दही, डॉक्टर! हे लोक भरितात दही घालतात. अन् वरून साखर! अन् तुमी म्हणे खोबरं घालता. आता सांगा, ह्या जवाईबापूंच्या आई काय करतात, पहिल्यांदा वांगं घेतात..."

सासूबाईंनी त्यांच्या खांद्यावर एक चापट मारली. हळूच, पण तीन वेळा.

तो किस्सा त्या दिवशी सुरुवातीपासून झाला. मोरी आली, कोशिंबीर आली, साखर चार चमच्यांवर गेली. नाना चाळीस मिनिटं बोलले, असं नंतर नर्सनं सांगितलं. मी घड्याळ पाहिलं नव्हतं.